चहा, पाटी, माणूस

अण्णांच्या हातात कुणी व्हिजिटिंग कार्ड दिलं की ते आधी उलटं करून बघायचे. मागची बाजू कोरी असली की चेहरा खुलायचा. दोन्ही बाजूंनी छापलेलं असलं तर तोंड वाकडं व्हायचं आणि देणाऱ्याच्या तोंडावरच विचारायचे, "मग आमी कुटं लिहायचं?" बिचाऱ्या पाहुण्याला वाटायचं, यांना आपला दुसरा नंबर टिपून घ्यायचाय. तो लगेच पेन पुढं करायचा. अण्णा पेन परत द्यायचे आणि कार्ड खिशात टाकायचे. त्यांना जे लिहायचं असायचं ते नंतर, चौकशी झाल्यावर.

अण्णा आमच्या सोलापुरातल्या कारखानदारांच्या एका संघटनेचे सचिव होते. संघटनेचं नाव सांगत नाही आणि अण्णांचंही नाही, कारण मला याच गावात धंदा करायचाय. माणूस तेलुगू, घराणं विणकरांचं, भवानी पेठेत घर आणि घराच्या मागं एके काळी टॉवेलाचे माग. अंगात पांढरा हाफशर्ट आणि खांद्यावर स्वतःच्या मागावरचा टॉवेल, मे महिन्यातसुद्धा. त्या टॉवेलानं घाम पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. घामासाठी खिशात वेगळा रुमाल असायचा. टॉवेल कशासाठी, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "नमुना हाय तो. कोन विचारलं तर दाखवायला." माग बंद होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

दुनियेवर त्यांचा विश्वास नव्हता. भिंतीवरच्या घड्याळावर नव्हता, म्हणून तीन जणांना वेळ विचारायचे आणि तिघांची वेगळी आली की खूश व्हायचे. दोन फोन बाळगायचे. एक बोलायला, दुसरा लोकांना नंबर द्यायला. हा दुसरा कायम बंद. पडद्यावर वाचलेल्या कशावरही त्यांचा विश्वास नसल्यामुळं आलेली प्रत्येक मेल, प्रत्येक पत्रक, अगदी श्रद्धांजलीचा निरोपसुद्धा छापून घ्यायचे, चार घड्या घालून खिशात ठेवायचे. "फोनमदलं पुसून टाकता येतंय. कागद खिशात हाय तवर हाय." संघटनेचा प्रिंटर त्यांच्यामुळं वर्षातून दोनदा दुरुस्तीला जायचा.

कार्डांसाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. तो कपाटात, कपाटाची किल्ली कमरेला. डब्यातल्या प्रत्येक कार्डाच्या मागं तीनच शब्द असतात, असं मी ऐकून होते: चहा, पाटी, माणूस. प्रत्येकापुढं होय किंवा नाही. डबा त्यांनी कुणाला उघडून दाखवला नव्हता, पण पद्धत मात्र मला एकदा सांगितली होती, मेळाव्याच्या खुर्च्या मोजता मोजता.

त्यांचा धंदा ऐन भरात असताना बाहेरगावाहून ऑर्डरी यायच्या. कोण कुठला व्यापारी, काही माहीत नसायचं. बाकीचे लोक दुसऱ्या व्यापाऱ्यांकडं चौकशी करायचे. अण्णा करायचे त्या गावच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात फोन, तोही मालकाला नाही, हमालाला. "ह्या पत्त्यावर गाठी उतरवलास का कदी? दुकानाला पाटी हाय का? उतरवल्यावर चहा पाजतेत का?"

"चहाचा काय संबंध, अण्णा?" मी विचारलं.

"जो पळून जानार हाय, तो रस्त्यावरच माल उतरवून घेतोय. हमालाला आत बोलवत न्हाय. चहा पाजायला आत जागा लागती, गॅस लागतंय, दोन मिंट थांबावं लागतंय. पळनाऱ्याकडं दोन मिंट नसतेत, एम्मा." मला ते तेलुगूतल्या लाडानं एम्मा म्हणायचे, म्हणजे "अगं पोरी".

"आणि माणूस?"

"दुसऱ्या खेपेला पन तोच मानूस भेटला, तर मानूस होय."

मला ते ऐकून हसू आलं होतं. मी पुण्यात आठ वर्षं हेच काम करून आले होते, मोठमोठ्या शब्दांत. कोण खरं आणि कोण खोटं हे ओळखायच्या यंत्रणा आम्ही विकायचो. त्या सगळ्यांचं सार हा माणूस हमालाच्या चहात सांगत होता.

माझा धंदा सांगायला हवा. मी आणि बार्शीचा विशाल, आम्ही दोघांनी सोलापुरात छोटी कंपनी काढली होती. कारखान्यांच्या कॉम्प्युटरमध्ये चोराच्या आधी आपण शिरायचं, भोकं शोधायची आणि मालकाला दाखवून बुजवायची. हे मालकांना पटवणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं होतं. "आमच्याकडं काय हाय चोरायला? टॉवेल?" असं म्हणून हसायचे आणि शेंगदाण्याची वाटी पुढं सरकवायचे. पुण्याच्या कंपनीला मात्र हेच लोक खुर्ची द्यायचे. गावातल्या पोरांनी काढलेली कंपनी म्हणजे दुकानच, अशी समजूत.

अण्णांनी आम्हाला स्वतःहून शोधून काढलं. त्यांनीच संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात "आपली पोरं" म्हणून वेगळी रांग सुरू केली. आमच्यासारख्या दोनचार कंपन्यांना फुकट टेबल, वर पंखा, खाली सतरंजी. वर्षभर स्कूटरवर मागं बसवून अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत न्यायचे. मालक कुरकुरला की एक गोष्ट सांगायचे: त्यांच्या शेजाऱ्याला परदेशी गिऱ्हाइकाच्या नावानं खोटी मेल आली, त्या मेलवर विसंबून त्यानं मालाचा पत्ता बदलला आणि अख्खा कंटेनर कुठल्या बंदरात गेला ते आजवर कळलं नाही. गोष्ट सांगताना त्यांचा हात टॉवेलाकडं जायचा. तो शेजारी कोण ते मी कधी विचारलं नाही. मला अंदाज होता.

इतकं सगळं करून बदल्यात काही मागायचे नाहीत. आणि इथंच माझं डोकं फिरलं. संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, तो ऑफिसातून निघताना टेबलावर ठेवून येता येत नाही. हा माणूस आपल्यासाठी एवढं का करतो? मेळाव्यात एका टेबलवाल्यानं कानात सांगितलं, "अण्णा सभासदांची यादी बाहेर विकतेत, म्हनून तर डबा कुलपात." मी त्याला हसले. घरी गेल्यावर मात्र विचार करत बसले. त्यांना कमरेची किल्ली चाचपताना बघितलं की मला तेच आठवायचं.

त्या वर्षीच्या मेळाव्याला पुण्याची एक मोठी कंपनी येणार होती. सोलापूरकडचं सगळं काम ती एका स्थानिक कंपनीला सोबत घेऊन करणार होती. आम्हाला ती भागीदारी मिळाली नाही तर दिवाळीपर्यंत कुलूप, हे विशालनं आणि मी एकमेकांना स्पष्ट सांगितलं होतं. त्याला पुण्याच्या नोकरीचं पत्र आलेलं होतं, ते त्यानं फाडलं नव्हतं.

अण्णांना ती पुण्याची कंपनी पसंत नव्हती. त्यांच्या ओळखीच्या हमालानं इमारतीत जाऊन चौकशी केली होती. "चहा होय. पाटी होय, लई मोठी. मानूस दर खेपंला बदलतंय." तरीही आमच्यासाठी त्यांनी त्या कंपनीच्या साहेबांना चार फोन केले, चहा पाजला, आमचं टेबल पहिल्या रांगेत लावलं.

मेळाव्याआधीच्या पंधरवड्यात त्यांनी मला मात्र जीव नकोसा केला. मेळाव्याची नोंदणी माझ्याकडं होती. मी टेबलांचा फॉर्म पाठवला की लगेच फोन. "एम्मा, हे तूच पाठवलंस का?" पाहुण्यांची यादी पाठवली की फोन. दिवसातून पाच वेळा. एका दुपारी मी वैतागले आणि बोलून गेले, "अण्णा, अनोळखी नंबरवरची लिंक उघडायची नाही. माझ्याकडून आली तर उघडत जा. दर वेळी फोन कशाला?"

"तुझ्याकडनं आली तर उगडायची."

"हो."

"बरं."

फोन थांबले. मला हायसं वाटलं. आमच्या धंद्यात कुणालाही कधीही सांगू नये असं एकच वाक्य असेल तर ते मी त्या दुपारी सांगितलं होतं, आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

मेळाव्यात आम्हाला प्रयोग करून दाखवायचा होता. सगळ्या सभासदांना आधी एक खोटा निरोप पाठवायचा, किती जण फसतात ते मोजायचं आणि व्यासपीठावर आकडा सांगायचा. असं काही करायला लेखी परवानगी लागते. ती संघटनेच्या अध्यक्षांनी सहीनिशी दिली, फक्त एक अट घातली. "सचिवांना सांगू नका. ते सगळ्यांना सावध करत फिरतील."

मी लगेच हो म्हटलं. विशालला ते पटलं नाही.

"अण्णाला सांग की. सगळं तेच करायलेत आपल्यासाठी. लई वाईट दिसंल."

"अध्यक्षांची अट आहे."

"अट हाय म्हणून का तुलाच नको हाय सांगायला?"

मी निरोपाचा मजकूर लिहायला घेतला. खरं उत्तर होतं की मला त्यांची परीक्षा घ्यायची होती. इतका संशयी माणूस खोट्या निरोपाचं काय करतो, कुणाला कळवतो, यादी कुठं जाते, हे सगळं मला बघायचं होतं.

निरोप असा होता: मेळाव्याच्या जेवणाचं कूपन खालच्या लिंकवर आपल्या मेलचा पासवर्ड टाकून काढून घ्या. माझा नंबर बदललाय, हा नवीन. सोबत माझा फोटो. नंबर अर्थातच कोरा, त्याच दिवशी घेतलेला. कुणाचा पासवर्ड साठवायचा नाही, कुणी काहीतरी टाकलं एवढीच नोंद व्हायची आणि पडद्यावर छानपैकी कूपन यायचं. वर शेंगापोळीचं चित्र.

मेळाव्याच्या आदल्या दुपारी निरोप गेला. चार मिनिटांत पहिलं नाव आलं. अण्णांचं.

आधी मला आनंद झाला, हे लपवत नाही. सोलापुरातला सर्वांत संशयी माणूस माझ्या जाळ्यात, आणि तोही पहिला. मी विशालला हाक मारली. त्यानं नाव वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि पाणी प्यायला गेला. मग फोनवर वैतागून बोललेलं माझं ते वाक्य मला आठवलं: माझ्याकडून आली तर उघडत जा. अण्णा फसले नव्हते. माझा फोटो बघून, मी सांगितलं होतं तसं वागले होते.

संध्याकाळी पुण्याच्या साहेबांना निकाल दाखवला. निम्म्याहून जास्त सभासद फसले होते. साहेब खूश झाले आणि बोट पहिल्या नावावर ठेवलं. "हे तर सचिव ना? उद्या हेच सांगा. खुद्द सचिव! लोक वर्षभर विसरणार नाहीत."

"नावं सांगायची नाहीत असं परवानगीत लिहिलंय."

"तुमची इच्छा. आम्हाला काम ठामपणे विकू शकणारा भागीदार हवाय, एवढंच सांगतो."

विशाल माझ्याकडं बघत होता. मी नाव खोडलं आणि फाइल बंद केली. त्याक्षणी मला वाटलं, आपण अण्णांना वाचवलं.

सकाळी सभागृहाच्या दारात एक मुलगी प्रत्येकाला जेवणाचं खरं कूपन देत होती. अण्णा आले. तिनं कूपन पुढं केलं. अण्णांनी शर्टाच्या खिशावर थाप मारली. "माज्याकडं हाय की." आणि ऐटीत पहिल्या रांगेत जाऊन बसले. मी तिथंच चार हात लांब उभी होते. धावत जाऊन सांगायला हवं होतं. मी भाषणाचे कागद चाळत राहिले.

माझी पाळी आली. आकडा सांगितला, सभागृहात खसखस पिकली, एकमेकांकडं बोटं झाली. मग पडद्यावर तो निरोप आला, आणि मागोमाग ते कूपन, शेंगापोळीचं चित्र हातभर मोठं.

अण्णांनी खिशात हात घातला. घड्या घातलेला कागद काढला. एक घडी उलगडली, दुसरी, तिसरी, चौथी. कागदाकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं. चष्मा काढून पुन्हा बघितलं.

"पयला कोन?" त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"नावं सांगायची नाहीत, अण्णा." मी माईकवरून म्हटलं.

"किती वेळात?"

मी पडद्यावरचं कूपन पुसलं. ते उठले. कागद डोक्यावर धरला आणि सभागृहाकडं वळले.

"हे बगा. पयला मी. छापून पन घेतलो." लोक हसले. ते हसू ओसरेपर्यंत थांबले. "चाळीस वर्षं ह्या बाजारात कोन मला गंडवलं न्हाय. एकदा गंडलो, ते मेलवरनं. शेजाऱ्याची गोष्ट सांगतो नव्हं का तुमाला, तो शेजारी मीच." आता कुणी हसलं नाही. "आनि काल दुसऱ्यांदा. ह्या पोरीनं गंडवलं. जी मला गंडवू शकती तिला चोराची सगळी वाट म्हाईत हाय. तिला कारकान्यात घ्या. तुमच्याकडं चोरायला काय हाय म्हनून इचारू नका. माजं काय गेलं ते मलाच म्हाईत."

टाळ्या कडाडल्या. त्या दिवशी आमच्या टेबलाभोवती उभं राहायला जागा नव्हती. जे मालक दोन वर्षं शेंगदाणे खायला घालत होते ते तारखा मागत होते. पुण्याचे साहेब स्वतः चालत आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "पुढच्या आठवड्यात करार करू." विशालच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मान वर करून अण्णांना शोधत होते. जेवणाच्या रांगेत नव्हते, पहिल्या रांगेत नव्हते. दारातल्या मुलीनं सांगितलं, ते मघाशीच गेले, जेवले नाहीत. त्यांच्याकडं कूपन नव्हतं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ऑफिसच्या जिन्याखाली स्कूटरचा आवाज आला. अण्णा आमच्या ऑफिसात यापूर्वी कधीच आले नव्हते. मी खिडकीतून बघितलं. ते वर येत नव्हते. खाली पाण्याचे जार उतरवणाऱ्या माणसाशी बोलत होते. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"वर नेऊन देतोस का हितंच ठेवतोस?"

"वर नेतो की."

"चहा देतेत?"

"व्हय, तो बार्शीचा साहेब देतोय रोज."

"आनि बाई?"

"त्यांना सवड नसती."

मग अण्णा दोन पावलं मागं सरले आणि मान वर करून आमची पाटी वाचली, अक्षर न् अक्षर. वर आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. खिशातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. माझंच कार्ड होतं, पहिल्या भेटीत दिलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यांनी ते उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. दोन वर्षांत त्यावर त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. माझ्याबद्दल कुठल्या हमालाला विचारलं नव्हतं, कुठल्या चहावाल्याला नाही.

"अण्णा, मी चुकले. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"न्हाय. तू बरूबर केलीस. तुजं काम हाय ते." ते पेनाचं टोपण काढत होते. "चूक माजी. तुजं कार्ड कोरं ठिवलो."

ते उभ्या उभ्याच लिहू लागले. चहा: होय. पाटी: होय. मग थोडा वेळ थांबले. मी त्या पेनाच्या टोकाकडं बघत होते. आयुष्यातल्या कुठल्याच निकालाची मी इतकी धास्ती घेतली नव्हती. त्यांनी लिहिलं, माणूस: बघू. शाई वाळेपर्यंत कार्ड हवेत धरलं, खिशात घातलं आणि चहा न घेता गेले.

कंपनी चालली. आता आम्ही सात जण आहोत, विशालनं पुण्याचं ते पत्र त्याच आठवड्यात फाडलं. जारवाल्याला आता मीही चहा देते. अण्णा मुलीकडं हैदराबादला असतात. डबा सोबत नेला म्हणे. त्या टेबलवाल्यानं यादी विकण्याचा संशय का पेरला होता ते मला नंतर कळलं, पण ते सांगण्यासारखं नाही. मी तो ऐकून ठेवला, एवढा दोष माझ्याकडं येतो.

कारखान्याकारखान्यांत जाऊन मी आता एकच गोष्ट शिकवते: ओळखीच्या माणसाकडून निरोप आला तरी उघडण्याआधी त्याला फोन करून विचारा. सगळे माना डोलावतात. करत कुणी नाही.

एकजण करतो. दिवाळीला मी अण्णांना शुभेच्छा पाठवते, पाडव्याला पाठवते, एकदा नुसता पावसाचा फोटो पाठवला होता. दर वेळी पाच मिनिटांत फोन वाजतो.

"एम्मा, हे तूच पाठवलंस का?"

"मीच, अण्णा."

ते मला तेच आणखी एकदा म्हणायला लावतात. आवाज ओळखत असावेत.

"बरं," ते म्हणतात, आणि मग उघडतात.